जोडणी, ओळ आणि अभाव
आता डेटाबेसकडे येऊ. पायथनमधून एसक्यूलाइटला हिंगणघाटचा कापसाचा भाव विचारला, तर ‘फेचवन’ एक ओळ देतं; ओळच नसेल तर ‘नन’ देतं. भाव शून्य असणं वेगळं आणि नोंद नसणं वेगळं, बरं का! नोंद नाही म्हणून शून्य धरलं, की शेतकऱ्याची सरासरी कोसळलीच. वैशेषिकांच्या परंपरेत पुढे अभावाला सातवा पदार्थ मानलं, ते उगाच नाही.

गंमत अशी, की फेचवनच्या उत्तराचा प्रकार ‘एनी’ लिहिलेला आहे, म्हणजे काहीही. मग मायपाय हा तपासनीस गप्प बसतो. म्हणून आपल्या फंक्शनवर आपणच टाइप हिंट लिहायची: जोडणी ‘कनेक्शन’, उत्तर ‘फ्लोट किंवा नन’. मग कोणी ‘नन’ न तपासता बेरीज केली, की मायपाय अडवतो. पायथन स्वतः मात्र कोड चालवताना या हिंट तपासत नाही. २०१५ साली ३.५ आवृत्तीत त्या आल्या तेव्हापासून हे असंच आहे.