जगात जर्मनी, पटावर बर्लिन!

'जगात जर्मनी अन् भारतात परभणी' हे तुम्ही शंभरदा ऐकलं असेल. आता पटावरची जर्मनी बघा.

पांढऱ्यानं राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं, तुम्हीही तेच केलं. त्यानं घोडा काढला, तुम्हीही काढला. मग त्याचा उंट तुमच्या घोड्यावर रोखून बसला. घाबरून उंटाला हुसकावू नका. दुसरा घोडा काढा आणि त्याच्या प्याद्यावर नेम धरा. झाला बर्लिन डिफेन्स!

२००० साली लंडनमध्ये क्रॅमनिकनं याच ओपनिंगची भिंत उभी केली. वजीर लवकर पटाबाहेर जायचे आणि कास्पारोवचा हल्ला थंडावायचा. पंधरा डावांत कास्पारोवला एकही जिंकता आला नाही, जगज्जेतेपद गेलं. तेव्हापासून बर्लिन म्हणजे 'बरोबरीचं ओपनिंग' असा शिक्का बसला.

तो शिक्का पुसणारा एक डाव आपल्या नाशिकच्या विदित गुजराथीनं खेळला. ५ एप्रिल २०२४, टोरांटो, कँडिडेट्स स्पर्धेची दुसरी फेरी. समोर ४७ क्लासिकल डाव न हरलेला हिकारू नाकामुरा, तोही पांढऱ्या सोंगट्या घेऊन. नाकामुरानं चौथ्या चालीला साधं प्यादं सरकवून वजिरांची अदलाबदल टाळली. सोंगट्या पटावर राहिल्या, म्हणजे भांडणही राहिलं. अकराव्या चालीला विदितनं राजापुढच्या एका प्याद्यासाठी अख्खा उंट देऊन टाकला! पांढऱ्या राजाचं छप्परच उडालं. २९ चालींत खेळ खल्लास.

आता तुमचं बघा. हॉस्टेलवर रात्री मोबाइलवर खेळताना पहिल्या दहा चाली पाठ असतात. समोरच्यानं अकरावी वेगळी खेळली की हात थांबतो. गाइड पाठ करून पेपरला बसल्यासारखं. ओपनिंग पाठ करायचं नसतं, 'ही सोंगटी इथं का?' हे विचारायचं असतं.

आणि हो, त्या स्पर्धेत विदित सहावा आला, गुकेश जिंकला. एक भारी डाव म्हणजे स्पर्धा नव्हे. पण परभणीत कोच नाही म्हणून रडत बसण्यापेक्षा आज रात्री हा डाव लावा. पांढऱ्याच्या अकराव्या चालीला थांबा, पुढचं झाका. काळ्याची चाल स्वतः शोधा.

नाही सापडली तरी चालेल. का सापडली नाही, ते मात्र वहीत लिहा.