फांदी आधी, वेणी नंतर

मे महिना सरता सरता वळवाचे एकदोन तडाखे बसले की सह्याद्रीतल्या जुन्या आंब्या-जांभळांवर सीतेची वेणी फुलते. वीतभर, कधी हातभर लोंबणारा घोस आणि त्यात शंभराहून अधिक फुलं. पाकळ्या पांढऱ्या, त्यांवर जांभळे शिंतोडे, मधली ओठासारखी पाकळी मात्र गडद. शास्त्रीय नाव ऱ्हिंकोस्टायलिस रेट्युसा. श्रीलंकेपासून फिलिपिन्सपर्यंत पसरलेली ही आमरी (ऑर्किड) आसाम आणि अरुणाचल या दोन्ही राज्यांचं राज्यफूल आहे. बोहाग बिहूला नाचणाऱ्या आसामी मुली हेच ‘कपौ फूल’ अंबाड्यात माळतात.

तिच्या सर्वात जुन्या छापील नोंदींपैकी एक मलबारातली. व्हान रीड या डच अधिकाऱ्याने तिथल्या वैद्यांच्या मदतीने सिद्ध केलेल्या ‘हॉर्टस मलबारिकस’च्या बाराव्या खंडात ती ‘अंजिली’ या फणसाच्या भाईबंद झाडावरची म्हणून येते. लिनियसने १७५३ मध्ये तिला नाव दिलं ते याच ग्रंथातल्या तिच्या चित्राच्या आधारे. मलबारच्या माणसांनी तिची ओळख झाडासकट सांगितली होती, आणि मला ती फार शहाणपणाची वाटते.

आपल्याकडे मात्र कित्येक ठिकाणी तिला बांडगूळ समजून कोयत्याने खरवडतात. हा तिच्यावर अन्याय आहे. बांडगूळ फांदीच्या आत शिरून रस ओढतं. वेणीची मुळं सालीला नुसती बिलगून असतात. जाड, रुपेरी मुळं. त्यांच्यावर मृत पेशींचं आवरण असतं, ते स्पंजासारखं पावसाचं पाणी क्षणात टिपतं आणि मूळ हिरवट दिसू लागतं. पाणी साठवायला हिला कंद नाही. कोरडे महिने ती जाड, पन्हळीसारख्या पानांवर, मुळांवर आणि दवावर काढते. म्हणून मुळं तुटली की रोप लगेच मरत नाही; महिनोन्‌महिने सुकत जातं. असं रोप विकत घेणाऱ्याला वाटतं, आपल्याच हाताला गुण नाही.

बीजाची गोष्ट आणखी नाजूक. एका बोंडात धुळीसारखी असंख्य बीजं, पण एकातही शिदोरी नाही. सालीवरच्या ठराविक बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजतं. हे नातं फ्रान्सच्या नोएल बर्नार यांनी १८९९ मध्ये दुसऱ्या एका आमरीत ओळखलं. पुढे १९२२ मध्ये अमेरिकेच्या लुईस नडसन यांनी बुरशीशिवाय, साखर घातलेल्या माध्यमावर बीजं रुजवून दाखवली. आज प्रयोगशाळेत वाढलेली रोपं मिळतात ती या वाटेनेच. एवढी सोय असताना रानातून वेणी ओरबाडून आणण्याला कसलंच समर्थन उरत नाही.

घरी लावायची तर मातीची कुंडी नको. मातीत मुळं गुदमरून कुजतात. लाकडी पट्ट्यांची टांगती टोपली, तिच्यात कोळशाचे आणि विटांचे मोठे तुकडे, बस्स. निम्मं ऊन अडवणारी जाळी, भरपूर वारा. उन्हाळ्यात पाणी सकाळी द्यावं, शेंड्यात साचू देऊ नये. ही एकाच शेंड्याने वाढते, तो कुजला की वाढ खुंटते. थंडीत पाणी कमी. खत अगदी पातळ, तेही वाढीच्या दिवसांत. आणि टोपली सारखी बदलू नये. मुळांना हलवलेलं तिला मुळीच खपत नाही.

त्याहून बरं, अंगणात आंबा किंवा फणस असेल तर त्यालाच बांधावी. पेरू, निलगिरी नको; त्यांची साल सुटून पडते. पावसाळ्याच्या तोंडावर सुती दोऱ्याने किंवा काथ्याने फांदीच्या खडबडीत बाजूला घट्ट बांधली की पावसाळाभरात नवी मुळं साल धरतात.

रस्तारुंदीत किंवा वादळात जुनं झाड आडवं होतं तेव्हा लोकांचं लक्ष लाकडावर असतं. गावकऱ्यांनी, रस्त्याच्या ठेकेदारांनी फांद्या तोडण्याआधी एकदा त्यांच्यावर नजर फिरवावी. वेणी दिसली तर सालीच्या तुकड्यासकट सोडवावी आणि त्याच परिसरातल्या, उभ्या राहणार असलेल्या झाडाला बांधावी. वनखात्याची जमीन असेल तर आधी वनरक्षकाला सांगावं.