संकेतस्थळाचे स्थिर भांडार

ज्या ठाणे-बेलापूर पट्ट्याची ओळख एकेकाळी रासायनिक कारखान्यांमुळे होती, त्याच पट्ट्यात ऐरोली, रबाळे व महापे येथे आज मोठी डेटा सेंटर उभी आहेत. आपले अनेक विद्यार्थी पुढे संगणकक्षेत्राकडे वळतील आणि कधीतरी एखाद्या शाळेचे वा संस्थेचे संकेतस्थळ उभारतील. त्या वेळी उपयोगी पडेल अशी एक मूलभूत बाब येथे मांडत आहे.

संकेतस्थळातील मजकूर दोन प्रकारचा असतो. निकाल, प्रवेशयादी यांसारखी पाने मागणीनुसार तयार होतात. बोधचिन्ह, रंगसंगती व मांडणीच्या फायली मात्र प्रत्येकाला सारख्याच मिळतात. त्यांना स्थिर फायली म्हणतात. अमेरिकेतील लॉरेन्स येथील एका वृत्तपत्राच्या कचेरीत जन्मलेली आणि 2005 मध्ये सर्वांसाठी खुली झालेली ‘जँगो’ ही प्रणाली उदाहरणादाखल घेऊ. तिच्यात या फायली निरनिराळ्या विभागांत विखुरलेल्या असतात. घरच्या संगणकावर, चाचणीच्या काळात, प्रणाली त्या स्वतः शोधून दाखवते. सर्व्हरवर ‘डीबग’ बंद करताच ती हे काम थांबवते आणि पान रंगहीन, चित्रहीन दिसू लागते.

अशा वेळी ‘डीबग’ पुन्हा सुरू करण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण मग चूक घडताच संकेतस्थळाची अंतर्गत रचना परक्यांसमोर उघडी पडते. योग्य मार्ग असा : सर्व्हरवर एक स्वतंत्र निर्देशिका निर्माण करावी, तिचा पूर्ण पत्ता ‘स्टॅटिक रूट’ या नोंदीत लिहावा आणि ‘कलेक्टस्टॅटिक’ ही आज्ञा द्यावी. विखुरलेल्या फायलींच्या प्रती तेथे एकत्र येतात. त्यानंतर ‘एन्जिनएक्स’सारख्या वेब सर्व्हरला ती जागा दाखवून द्यावी, फायली पोहोचवण्याचे काम तो अधिक वेगाने करतो. फाइल ‘सापडत नाही’ (404) असे उत्तर आल्यास पत्ता तपासावा; ‘मनाई’ (403) असे आल्यास वाचनाची परवानगी तपासावी. ही परवानगी त्या निर्देशिकेपुरती असून भागत नाही. तिच्यापर्यंत नेणाऱ्या प्रत्येक वरच्या निर्देशिकेतून जाण्याची मुभाही लागते. दुरुस्ती नेहमी मूळ फायलीत करावी, कारण गोळा झालेल्या प्रतीवर पुढे नवी प्रत चढू शकते.

खरी जबाबदारी याहून पुढे आहे. वापरकर्त्यांनी पाठवलेली छायाचित्रे स्थिर भांडारात ठेवू नयेत. जुने साफ करून नव्याने गोळा करण्याची आज्ञा दिल्यास तीही पुसली जातील, आणि स्नेहसंमेलनाची जुनी छायाचित्रे पुन्हा मिळत नसतात. त्यांच्यासाठी ‘मीडिया’ ही वेगळी निर्देशिका असावी व तिची प्रत अन्यत्र जपावी. विद्यार्थ्यांचे जातीचे दाखले, गुणपत्रिका, आधार कार्डांच्या प्रती मात्र या दोन्ही ठिकाणी नसाव्यात. तेथील फाइल पत्ता ठाऊक असलेल्या कोणालाही उघडता येते. अशी कागदपत्रे तिसऱ्या, बंद जागी ठेवून ओळख पटल्यावरच द्यावीत.

वसतिगृहात मूल सोपवणारे पालक त्याची कागदपत्रेही विश्वासाने सोपवतात. काय सर्वांसमोर ठेवावे आणि काय कुलुपात, हा निर्णय म्हणूनच संकेतस्थळ उभारतानाच, पहिल्या दिवशी व्हायला हवा.