सुख खरोखरच टोचते तेव्हा

महिनोन्‌महिने बोटीवर किंवा बर्फाच्या वाळवंटात काम करून परतलेल्या माणसाला घरची गादी, घरचे जेवण आणि घरची माणसे यांची नव्याने सवय करून घ्यावी लागते. हा कृतघ्नपणा नव्हे आणि आजारही नव्हे. मात्र त्यामागची कारणे ठाऊक नसली, तर घरात गैरसमजांना जागा मिळते.

‘सुख टोचतंय का?’ हा टोमणा मराठी घरांत सर्रास ऐकू येतो. सात-आठ महिन्यांनी घरी आलेला माणूस मऊ गादी सोडून जमिनीवर चटई पसरतो, सणासुदीच्या जेवणाला नको म्हणतो किंवा चारचौघांत गप्प बसून राहतो, तेव्हा हा टोमणा हटकून निघतो. बोलणाऱ्याच्या ध्यानीमनी नसले, तरी त्यात तथ्य असते. अशा माणसाला सुख खरोखरच टोचत असते.

मारुंजी हे मुळशी तालुक्यातील गाव हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कला लागून आहे. गेल्या दोन दशकांत येथील शेतशिवारात उंच इमारती उभ्या राहिल्या. या वसाहतींची ओळख संगणक अभियंत्यांमुळे झाली असली, तरी ‘बोटीवर असतो’ किंवा ‘आफ्रिकेत साइटवर असतो’ हे उत्तरही पुणे परिसराला आता अपरिचित राहिलेले नाही. तळेगावजवळ इंदुरी येथे तर व्यापारी जहाजांसाठी अभियंते आणि अधिकारी घडविणारी तोलानी मेरिटाइम इन्स्टिट्यूट आहे. देशात दोन लाखांहून अधिक खलाशी आणि जहाज अधिकारी आहेत. त्यांच्या घरात वर्षातून एकदा तरी हा ‘परतण्याचा’ प्रसंग येतोच.

शरीराचे घड्याळ, कानाची सवय

पहिली अडचण शरीराची असते. जहाजावरचे काम पाळ्यांत चालते. रात्री बारा ते पहाटे चार आणि दुपारी बारा ते चार अशी ‘वॉच’ सांभाळणाऱ्याची झोप दिवसातून दोनदा, तुकड्यातुकड्यांत होते. २००६ च्या सागरी कामगार करारानुसार २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती मिळायला हवी. भारताने हा करार २०१५ मध्ये स्वीकारला. मात्र ही विश्रांती सलग झोपेची हमी देत नाही. त्यामुळे घरी आल्यावर पहाटे तीनला टक्क जाग येणे स्वाभाविक ठरते.

दुसरी सवय कानाची. इंजिनाची घरघर ही बोटीवरच्या माणसाची अंगाई असते. ती थांबली की तो दचकून उठतो, कारण इंजिन बंद पडणे म्हणजे संकट. वातानुकूलित बेडरूममधील शांतता त्याला म्हणूनच अस्वस्थ करते. पाण्याचेही तसेच आहे. बोटीवर गोडे पाणी बहुधा इंजिनाच्या उष्णतेवर समुद्राच्या पाण्यापासून तयार केले जाते. नळ वाहता दिसला की असा माणूस तो धावत जाऊन बंद करतो. टँकरची वाट पाहणाऱ्या मारुंजी परिसरातील सोसायट्यांत तरी या सवयीला कोणी विक्षिप्त म्हणणार नाही.

पट्टी बदलते

मानसशास्त्र सांगते, की माणूस सुख कोणत्याही कायमच्या पट्टीने मोजत नाही. सवयीच्या परिस्थितीहून थोडे अधिक ते सुख आणि थोडे कमी ते दुःख, असा त्याचा हिशेब असतो. फिलिप ब्रिकमन आणि डोनाल्ड कॅम्पबेल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये ही कल्पना मांडली. बोटीवर गरम चहाचा कप, बंदरात पकडलेला मोबाइलचा सिग्नल आणि सलग सहा तासांची झोप हीच चैन असते. पट्टी तिथवर खाली आलेली असते. घरी पाऊल टाकताच एकाच दिवशी सगळेच भरभरून मिळते. आठवडाभर ते स्वर्गासमान वाटते. मग पट्टी पुन्हा वर सरकते आणि सात महिने उराशी बाळगलेले स्वप्न साध्या सवयीत जमा होते. ‘ज्यासाठी एवढे सोसले, ते एवढेच होते का?’ हा प्रश्न याच सुमारास मनात डोकावतो.

गादीपेक्षा निर्णय टोचतात

गादीची सवय दहा-पंधरा दिवसांत होते. खरा भार निराळाच असतो. खडतर जागी आयुष्य अवघड असले, तरी आखीव असते. जेवण मेसमध्ये ठरलेले, काम वाटून दिलेले, प्रत्येकाचा हुद्दा स्पष्ट. काय करायचे, हा प्रश्न पडतच नाही. घरी मात्र पहिल्याच आठवड्यात मुलांची शाळा, आई-वडिलांची औषधे, गृहकर्जाचा हप्ता, सोसायटीची सभा आणि नातेवाइकांकडची लग्ने एकदम पुढ्यात येतात. किराणा मालाच्या दुकानात बिस्किटांच्या वीस प्रकारांपुढे उभा राहून तो काहीही न घेता परततो, तेव्हा तो दमलेला नसतो; निवड करण्याचा सराव सुटलेला असतो.

त्यात दिवसांची मोजणीही चालूच असते. परदेशी जहाजांवरील अनेकांचे वेतन करार संपताच थांबते. शिवाय प्राप्तिकराच्या दृष्टीने अनिवासी राहायचे, तर आर्थिक वर्षातील भारतातील मुक्काम १८२ दिवसांच्या आत ठेवावा लागतो. स्वतःच्या घरात राहण्याचे दिवस बोटांवर मोजणाऱ्याला निवांतपणा लाभणे कठीणच.

घर थांबलेले नसते

सर्वांत नाजूक भाग नात्यांचा आहे. व्हिएन्नाहून अमेरिकेत गेलेले समाजशास्त्रज्ञ आल्फ्रेड श्यूट्झ यांनी १९४५ मध्ये, महायुद्धातून सैनिक परतत असताना, घरी येणाऱ्या माणसावर एक निबंध लिहिला. परक्या देशात जाणाऱ्याला आपण परक्यांत चाललो आहोत हे ठाऊक असते. घरी परतणाऱ्याला मात्र सगळे जसेच्या तसे सापडेल अशी खात्री वाटते आणि तिथेच तो फसतो, हे त्यांच्या विवेचनाचे सार होते. तो गेला तेव्हाचे घर त्याच्या मनात थांबलेले असते. प्रत्यक्षातले घर पुढे गेलेले असते. तोही पूर्वीचा राहिलेला नसतो.

या काळात पत्नीने बँक, दवाखाना, दुरुस्त्या सारे एकटीने निभावलेले असते. मूल परवानगी आईकडेच मागते. आलेल्या बाबांना ताटात दोन पदार्थ अधिक वाढले जातात, पण त्यांच्यावाचून काही अडत नाही, हेही दिसून येते. पाहुण्यासारखा मान माणसाला सुखावत नाही, बाजूला सारतो. उलट बाजूने, आल्या आल्या त्याने सगळी सूत्रे हाती घेऊ पाहिली, तर इतके दिवस ती सांभाळणाऱ्या पत्नीला तो आपल्यावरील अविश्वास वाटतो. घरातील बहुतेक खटके या दोन टोकांमध्ये उडतात.

अंटार्क्टिकाचा अनुभव

या स्थित्यंतराचा बारकाईने अभ्यास झाला तो अंटार्क्टिकावर. भारताची पहिली मोहीम डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली आणि जानेवारी १९८२ मध्ये तेथे पोहोचली. १९८९ मध्ये ‘मैत्री’ आणि २०१२ मध्ये ‘भारती’ हे तळ उभे राहिले. या मोहिमांचे नियोजन गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र करते. ‘मैत्री’वर हिवाळ्यात सुमारे दोन महिने सूर्य उगवत नाही. ‘इस्रो’च्या मंगला मणी यांनी ‘भारती’वर २०१६-१७ मध्ये ४०३ दिवस काढले. सदस्यांची निवड वैद्यकीय आणि मानसिक चाचण्यांनंतरच होते.

जर्मनीच्या ‘नॉयमायर ३’ तळावर १४ महिने राहिलेल्या नऊजणांच्या चमूचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. स्मरणशक्तीशी निगडित असलेल्या मेंदूच्या एका भागाचा आकार त्यांच्यात सरासरी सात टक्क्यांनी घटल्याचे आढळले. एकसुरी परिसर आणि मोजकीच माणसे यांचा परिणाम केवळ मनावर होत नसावा, असा याचा अर्थ. नमुना लहान असल्याने त्यावरून सरसकट निष्कर्ष काढता येत नाही. दुसरीकडे, लॉरेन्स पालिंकास यांच्या १९८० च्या दशकातील पाहणीत, अंटार्क्टिकात हिवाळा काढलेले अमेरिकी नौसैनिक पुढील काळात तुलनेने कमी वेळा रुग्णालयात दाखल झाल्याचे दिसले. खडतर काळ माणसाला खचवतोच असे नाही. त्यातून मिळालेला आत्मविश्वास टिकूनही राहतो.

सावकाश, पण नक्की

काही साध्या गोष्टींनी हा काळ सुसह्य होतो. पहिल्या आठवड्यात समारंभ, प्रवास आणि मोठे खर्चाचे निर्णय टाळावेत. सकाळच्या उन्हात फिरावे आणि झोपण्या-उठण्याची वेळ रोज एकच ठेवावी. पंखा चालू असताना किंवा चटईवर झोप लागत असेल, तर काही दिवस तसेच झोपू द्यावे. साधे जेवण आधी, पक्वान्ने नंतर. घरातील एक ठरावीक काम, उदाहरणार्थ मुलांना शाळेत सोडणे, परतलेल्याकडे सोपवावे; बाकीची घडी पत्नीशी बोलून हळूहळू बदलावी. त्याच वेळी तिच्या एकटेपणाची, तिने काढलेल्या दिवसांची विचारपूस व्हायला हवी. खडतर दिवस केवळ दूर गेलेल्याच्याच वाट्याला आलेले नसतात.

मात्र, झोप न येणे, चिडचिड, उदासी किंवा वाढते मद्यपान दोन-तीन आठवड्यांनंतरही कायम राहिले, तर ‘होईल सवय’ म्हणून सोडून देऊ नये. डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. जाण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी, प्रशिक्षण आणि कागदपत्रे अशी महिनाभर तयारी चालते. परतीसाठी मात्र विमानतळावर गाडी पाठविण्यापलीकडे कोणतीच तयारी होत नाही. ती करण्याची वेळ माणूस घरी पोहोचण्याच्या आधीची असते.