बातमी मिळवण्याची रीत

दूध घेताना त्यात पाणी किती आहे, तूप घेताना त्यात भेसळ आहे काय, याची आपण बारकाईने चौकशी करतो. पण सकाळी दारात येऊन पडणारे वृत्तपत्र हाती घेताना ही चौकसबुद्धी आपण बाजूला ठेवतो. बातमी खरी आहे की खोटी, एवढेच फार तर आपण पाहतो. ती मिळवली कशी, हा प्रश्न आपल्या मनात सहसा येत नाही. वास्तविक खरी बातमीसुद्धा अशा रीतीने मिळवलेली असू शकते की, ती छापणाऱ्या पत्रावरचाच नव्हे तर एकंदर वृत्तपत्रांवरचा लोकांचा विश्वास त्यामुळे ढळावा. ब्रिटनमध्ये या शतकाच्या आरंभी घडलेले एक प्रकरण या दृष्टीने विचार करण्याजोगे आहे.

‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ हे लंडनचे रविवारचे पत्र १८४३ साली निघाले. आपल्या बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ १८३२ मध्ये सुरू झाले. म्हणजे हे पत्र त्यापेक्षा अवघे अकरा वर्षांनी लहान. गुन्हे, खटले आणि प्रसिद्ध व्यक्तींची खाजगी प्रकरणे हे त्याचे भांडवल. १९५० च्या सुमारास त्याचा खप ८० लाखांहून अधिक होता. १९६९ मध्ये ते रूपर्ट मर्डॉक यांच्या मालकीचे झाले. असे हे १६८ वर्षांचे पत्र १० जुलै २०११ रोजी आपला अखेरचा अंक काढून बंद पडले. ते ना तोट्यामुळे बंद पडले, ना सरकारच्या बंदीमुळे. बातमी मिळवण्याच्या त्याच्या रीती लोकांना कळल्या, म्हणून ते बंद पडले.

या रीती कोणत्या होत्या? मोबाईल फोन घेतला नाही, तर बोलणाऱ्याचा निरोप ध्वनिमुद्रित होऊन राहतो. हे निरोप दुसऱ्या फोनवरूनही ऐकता यावेत अशी सोय कंपन्यांनी केलेली होती. त्यासाठी एक छोटा गुप्त क्रमांक लागे. पुष्कळ ग्राहक कंपनीने प्रथम दिलेला ठरावीक क्रमांक कधी बदलतच नसत. मग काम सोपे होते. एकाने फोन करून ती लाईन गुंतवून ठेवावी, दुसऱ्याने त्याच वेळी फोन करून निरोपांपर्यंत पोहोचावे आणि तो ठरावीक क्रमांक दाबून ते ऐकावेत. ज्याचे निरोप ऐकले जात, त्याला याचा पत्ताही नसे. क्रमांक बदललेला असेल, तर कंपनीच्या कचेरीत फोन करून, आपण कोणी अधिकारीच आहोत अशी बतावणी करून तो काढून घेतला जाई. या कामासाठी खाजगी गुप्तहेर पगारी ठेवलेले होते.

हा प्रकार प्रथम उघडकीस आला तो राजघराण्यामुळे. नोव्हेंबर २००५ मध्ये राजपुत्र विल्यम यांच्या गुडघ्याच्या दुखापतीची एक किरकोळ बातमी त्या पत्रात आली. ती फार थोड्या लोकांना ठाऊक होती. त्यामुळे संशय बळावला. पुढे त्या पत्राचा राजघराण्याच्या बातम्या पाहणारा संपादक आणि एक गुप्तहेर यांना जानेवारी २००७ मध्ये कारावासाची शिक्षा झाली. संपादक अँडी कोल्सन यांनी राजीनामा दिला. हे एकट्यादुकट्या वाट चुकलेल्या माणसाचे कृत्य आहे, असे पत्राच्या चालकांनी सांगितले आणि प्रकरण मिटले असे सर्वांनी धरून चालले.

मात्र गुप्तहेराच्या घरातून जप्त केलेली सुमारे ११,००० पानांची टिपणे पोलिसांच्या ताब्यात २००६ पासूनच होती. त्यांत हजारो लोकांची नावे होती. तरीही त्या कागदांचा कसून तपास व्हावयास आणखी चार-साडेचार वर्षे जावी लागली. जुलै २००९ मध्ये ‘गार्डियन’ या पत्राचे बातमीदार निक डेव्हिस यांनी हे प्रकरण पुन्हा उकरून काढले, तेव्हा पोलिसांनी नव्याने चौकशीची गरज नाही असे सांगितले. आणि वृत्तपत्रांनी स्वतःच नेमलेल्या तक्रार आयोगानेही नवा पुरावा दिसत नाही असा निर्वाळा दिला. ज्यांनी राखण करावयाची, तेच डोळे मिटून बसले होते.

४ जुलै २०११ रोजी मात्र बांध फुटला. २००२ साली पळवून नेऊन खून करण्यात आलेल्या एका १३ वर्षांच्या शाळकरी मुलीचा शोध चालू असताना, तिच्या फोनवरचे निरोपही या पत्राच्या लोकांनी चोरून ऐकले होते, असे ‘गार्डियन’ने प्रसिद्ध केले. नटनट्यांचे फोन ऐकले गेले तेव्हा खांदे उडवणारा सामान्य वाचक या बातमीने हादरला. जाहिरातदारांनी पाठ फिरवली. तीनच दिवसांत पत्र बंद करण्याची घोषणा झाली. लंडनच्या पोलीस आयुक्तांनाही त्याच महिन्यात राजीनामा द्यावा लागला.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. ते निरोप बातमीदारांनी पुसूनही टाकले आणि त्यामुळे मुलगी जिवंत असल्याची खोटी आशा आईबापांना वाटली, असे त्या पहिल्या बातमीत म्हटले होते. डिसेंबर २०११ मध्ये असे दिसून आले की, निरोप बातमीदारांनीच पुसले हे सिद्ध होत नाही. ते यंत्राने आपोआप पुसले गेले असण्याचा संभव होता. ‘गार्डियन’ने ही दुरुस्ती उघडपणे छापली. चोरून ऐकण्याचा मूळ आरोप खराच ठरला. पण आपलीच गाजलेली बातमी जेथे चुकली तेथे ती चुकली असे सांगणे, यातच विश्वासाचे मर्म आहे.

आता कोणी विचारील की, वृत्तपत्राने गुप्त गोष्टी बाहेर काढू नयेत काय? अवश्य काढाव्यात. २००९ मध्ये ‘डेली टेलिग्राफ’ने बाहेर फुटलेली माहिती पैसे देऊन मिळवली आणि पार्लमेंटच्या सभासदांनी खर्चाच्या नावाखाली सरकारी पैसा कसा उकळला ते छापले. सभापतींना पायउतार व्हावे लागले. काही सभासद तुरुंगात गेले. तीही माहिती गुप्तच होती. मग भेद कोठे आहे? तो असा की, एकीकडे जनतेच्या पैशाचा हिशेब जनतेला मिळाला. दुसरीकडे शोकात बुडालेल्या कुटुंबाचे दुःख बाजारात विकले गेले. लोकांना ज्याचे कुतूहल आहे ते, आणि लोकांच्या हिताचे आहे ते, या दोन गोष्टी एक नव्हेत. पत्रकाराने रूढ नियम मोडलाच, तर तो कोणाच्या हितासाठी मोडला हे त्याला चारचौघांत सांगता आले पाहिजे.

पुढे न्यायमूर्ती लेव्हसन यांची चौकशी झाली आणि २९ नोव्हेंबर २०१२ रोजी त्यांचा सुमारे दोन हजार पानांचा अहवाल आला. वृत्तपत्रांनी स्वतःचे नियमन स्वतःच करावे, परंतु ते मालकांपासून आणि सरकारपासूनही स्वतंत्र असावे व त्याला कायद्याचा आधार असावा, असा त्याचा आशय. त्यानुसार २०१३ मध्ये राजसनद निघाली. तथापि बहुतेक मोठ्या पत्रांनी २०१४ मध्ये आपली निराळी संस्था काढली आणि ती सनदेखाली मान्यतेसाठी गेलीच नाही. चौकशीचा दुसरा भाग २०१८ मध्ये सरकारने रद्द केला. कोल्सन यांना २०१४ मध्ये १८ महिन्यांची शिक्षा झाली. त्यांच्या आधीच्या संपादिका रिबेका ब्रूक्स मात्र निर्दोष सुटल्या. दिवाणी दावे त्यानंतरही अनेक वर्षे चालू राहिले. डिसेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने ‘मिरर’ समूहाविरुद्ध राजपुत्र हॅरी यांना १,४०,६०० पौंडांची भरपाई देवविली. जानेवारी २०२५ मध्ये ‘सन’च्या चालकांनी त्यांची जाहीर माफी मागितली.

हे सारे सांगावयाचे कारण दूरच्या देशाची निंदा करणे हे नव्हे. हे पाप उघडकीस आणणारेही वृत्तपत्रच होते, हे विसरता कामा नये. सरकारने लगाम हाती घेतला असता, तर कदाचित ‘डेली टेलिग्राफ’ची ती बातमीही छापली गेली नसती. म्हणून स्वातंत्र्य हवेच. पण विश्वास हे त्या स्वातंत्र्याचे मुद्दल आहे. एका पत्राने ते उधळले की व्याज सर्वांनाच भरावे लागते. प्रामाणिक बातमीदार दारात उभा राहिला तरी लोक दार लावून घेतात.

आणि वाचकाचे काय? त्या पत्राला लक्षावधी वाचकांनी वर्षानुवर्षे पैसे मोजले, म्हणूनच गुप्तहेराला पगार मिळत होता. दाराच्या फटीतून डोकावणाऱ्याला दोष देताना, त्याने पाहिलेले ऐकण्यासाठी अंगणात कोण जमले होते, हेही पाहिले पाहिजे. दुधातील पाण्याची चौकशी करणाऱ्या आपण यापुढे बातमी वाचताना एक प्रश्न अधिक विचारावा: ही मिळाली कशी? पुरेशा वाचकांनी तो विचारला, तर संपादकालाही तो आपल्या बातमीदाराला विचारावाच लागेल.