‘नवा’ ट्रॅक्टर, पण कुठल्या सालचा? शोरूममधला जुना स्टॉक घेताना एवढं बघा

बेळगाव, प्रतिनिधी : पाडवा आणि दसरा या दोन मुहूर्तांना आपल्याकडे ट्रॅक्टरच्या शोरूमसमोर हार-पेढ्यांची गर्दी असते. गर्दी ओसरली की यार्डाच्या मागच्या रांगेत काही गाड्या तशाच उभ्या राहतात. बॉनेटवर धूळ, सीटवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही. मग फलक लागतो, ‘स्टॉक क्लिअरन्स, भरघोस सूट’. खानापूर, निपाणी, चिकोडी, पलीकडे चंदगड-गडहिंग्लज भागातले शेतकरी आम्हाला विचारतात, “गाडी चाललेलीच नाही, मीटरवर तास नाहीत, मग घ्यायला हरकत काय?”

हरकत काहीच नाही. पण गाडी चालली नाही म्हणजे तिचं वय थांबलं असं होत नाही. ती कधी तयार झाली आणि कशी उभी राहिली, या दोन गोष्टी कळल्याशिवाय दिलेली सूट जास्त की कमी हे ठरवताच येत नाही.

माझ्या आतेभावाचंच सांगतो. 2019 च्या पाडव्याला त्यानं ट्रॅक्टर घेतला. 35 हजार सूट मिळाली म्हणून खूश होता. 2024 मध्ये विकायला काढला तेव्हा व्यापाऱ्यानं आरसी बघितली. नोंदणी एप्रिल 2019, पण उत्पादन नोव्हेंबर 2017. शेजाऱ्याचा तोच मॉडेल, नोंदणीही त्याच वर्षातली, पण त्याला भाव 65 हजारानं जास्त आला. आतेभाऊ म्हणाला, “आरसी पाच वर्षं कपाटात होती, त्या ओळीकडे कधी बघितलंच नाही.” डीलर खोटं बोलला नव्हता. यानं विचारलं नव्हतं आणि त्यानं सांगितलं नव्हतं, एवढंच.

साल कुठं बघायचं

आरसी हातात येते तेव्हा पैसे देऊन झालेले असतात. त्यामुळं साल त्याआधी बघायला हवं. नोंदणीसाठी डीलर जो विक्रीचा दाखला देतो, तो फॉर्म 21. त्यात उत्पादनाचा महिना आणि वर्ष लिहायची जागा असते. ॲडव्हान्स देण्याआधी “फॉर्म 21 मध्ये कुठला महिना पडणार?” असं सरळ विचारा आणि तो महिना कोटेशनवर चेसिस नंबरासोबत लिहून घ्या. जो डीलर लिहून देतो त्याच्याशी पुढं बोलायचं. चेसिस नंबरातही सालाची खूण असते, पण प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी, त्यामुळं अंदाज बांधण्यापेक्षा कंपनीच्या टोल फ्री नंबरवर चेसिस नंबर सांगून विचारलेलं बरं.

टायर मात्र स्वतःच बोलतो. बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. 2323 असेल तर 2023 चा तेविसावा आठवडा. चारही टायर बघा. मागचे 2023 चे आणि पुढचे 2025 चे दिसले तर पुढचे का बदलले हे विचारायचं. अवर मीटरही बघा. यार्डात हलवताना, ट्रकवरून उतरवताना दोन-चार तास होतात. पंचवीस-तीस दिसले तर ती गाडी डेमोला फिरलेली आहे. डेमोची गाडी घेणं वाईट नाही, पण ती ‘नवी’ म्हणून नव्याच्या भावात घ्यायची नाही.

उभं राहून काय बिघडतं

इंजिनाला काम केल्यानं होते तशी झीज उभं राहून होत नाही, पण दुसरं बरंच होतं. आमच्या ओळखीचे एक मेस्त्री म्हणतात, “चाललेल्या गाडीचा आवाज ऐकून रोग कळतो, उभ्या गाडीचा कळत नाही.” त्यांच्याकडे पहिल्या पावसाळ्यात येणाऱ्या तक्रारींत क्लच चिकटणं वरच्या नंबरावर. दमट हवेत बरेच महिने उभी राहिली की क्लच प्लेट फ्लायव्हीलला गंजानं धरून बसते. पेडल दाबलं तरी गिअर पडत नाही, करकरतो. आपल्या भागात, विशेषतः खानापूरकडच्या पावसात उघड्यावर उभ्या गाड्यांना हे जास्त.

दुसरं डिझेल. टाकी अर्धी रिकामी असली की आतल्या हवेतला ओलावा थंड होऊन पाणी होतं आणि ते तळाला बसतं. ते पंपात आणि नोझलमध्ये गेलं की खर्च मोठा. म्हणून जुन्या स्टॉकची गाडी घेताना टाकी रिकामी करून, डिझेल फिल्टर बदलून ताजं डिझेल टाकायला लावा. इंजिन ऑइलही बदलून मागा. “शून्य तास चाललंय, ऑइल नवंच आहे” हे ऐकून घ्यायचं नाही, ऑइल डब्याबाहेर आलं की त्यालाही वय लागतं.

बॅटरी वर्षभर चार्ज न करता पडली असेल तर पुन्हा चार्ज होऊन सेल्फ मारेल, पण आयुष्य कमी झालेलं असतं. टायर एकाच जागी वजन घेऊन उभे राहिले की बाजूला बारीक भेगा पडतात, उन्हात असतील तर लवकर. हवा भरलेली दिसते म्हणून समाधान मानू नका, वाकून बघा. हायड्रॉलिकचे सील कोरडे पडतात. मागं वजन लावून लिफ्ट वर उचला, इंजिन बंद करा आणि चहा पिऊन या. परत येईपर्यंत नांगर खाली टेकला असेल तर बोलणी तिथंच थांबवा. आणि उंदीर! एअर क्लीनरमध्ये घरटं आणि बॉनेटखाली कुरतडलेली वायर हे दोन्ही सापडतं. लाईट, हॉर्न, मीटर सगळं लावून बघा.

गाडी आपल्यासमोर पहिल्यांदा चालू करत असतील तर स्टॉपचा दांडा ओढून आधी नुसता सेल्फ थोडा थोडा मारायला सांगा, म्हणजे ऑइल वरपर्यंत जातं. आदल्या दिवशी गरम करून ठेवलेली गाडी दाखवतात, म्हणून न सांगता सकाळी लवकर गेलेलं बरं.

सूट किती मागायची

कॉमर्सवाला असल्यामुळं मला हा भाग जास्त आवडतो. डीलरनं गाड्या बहुतेक वेळा बँकेच्या किंवा फायनान्स कंपनीच्या पैशावर उचललेल्या असतात. ठरलेली मुदत संपली की प्रत्येक दिवसाचं व्याज त्याच्या खिशातून. म्हणजे मागच्या रांगेतली गाडी त्याला रोज पैसे खाते. तुमची गरज जेवढी आहे तेवढीच त्याचीही आहे, हे ध्यानात ठेवून बसा. ‘सूट’ या शब्दात वॉशिंग, छत्री, हुक, पहिलं सर्व्हिसिंग असलं काही मिसळू देऊ नका. आकडा बिलावर उतरला पाहिजे.

हिशेब असा करा. मागच्या टायरची जोडी आणि बॅटरी बाजारात कितीला पडते ते आधी विचारून या. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला विचारा, एका सालाच्या फरकाला तो किती तोडतो. या दोन्हींची बेरीज ही तुमची किमान सूट. त्याच्या आत मिळाली तर ती सूट नव्हे. माझं मत विचाराल तर सहा-आठ महिन्यांची गाडी असेल तर फार काथ्याकूट करू नका. साल बदललेलं असेल तर वरचा हिशेब मांडा. दोन वर्षांवरची असेल तर नवा टायर-बॅटरी सेट घातल्याशिवाय हात लावू नका. 50 एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरला 1 जानेवारी 2023 पासून धुराचे नवे निकष लागू झाले. त्याआधीची एखादी मोठी गाडी अजून कुणी दाखवलीच, तर नोंदणी होईल का हे आरटीओत विचारूनच पुढं जा.

जीएसटीबद्दल गैरसमज आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून शेतीच्या ट्रॅक्टरवर कर 12 टक्क्यांवरून 5 टक्के झाला. “ही गाडी जुन्या दरानं आलीय, म्हणून 12 टक्के” असं सांगितलं तर मान्य करू नका. कर लागतो तो तुम्हाला विक्री होते त्या दिवशीच्या दरानं. डीलरनं आधी भरलेल्या कराचं क्रेडिट त्याला मिळतं, ते वळतं करणं त्याचं काम. मूळ किंमत 7 लाख धरली तर 84 हजार आणि 35 हजार, फरक 49 हजारांचा. हा फरक ‘खास सूट’ म्हणून दाखवला जाऊ शकतो, तेव्हा बिलावर मूळ किंमत, सूट आणि कर वेगवेगळे छापून घ्या.

वॉरंटी कुठल्या तारखेपासून, हे तोंडी नको. तुमच्या बिलाच्या तारखेपासून, असं वॉरंटी कार्डवर शिक्का मारून घ्या. टायर आणि बॅटरीची वॉरंटी ट्रॅक्टर कंपनी देत नाही, ती त्यांच्या त्यांच्या कंपन्यांची असते. ती कार्डं वेगळी मागा.

सीमेपलीकडून घेताना

कोल्हापूर-गडहिंग्लजकडं स्वस्त मिळतो म्हणून इकडचे शेतकरी तिकडं जातात, तिकडचे इकडं येतात. घ्यायला अडचण नाही, पण दुसऱ्या राज्यात कायमची नोंदणी करायची तर डीलरकडून तात्पुरती नोंदणी आणि सगळे मूळ कागद घेऊनच गाडी हलवा. फ्री सर्व्हिसिंग घराजवळच्या डीलरकडे होणार का, हे त्याच्याकडून आधी विचारून घ्या.

डिलिव्हरीच्या वेळी सही घेतात तो कागद इकडं इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये असतो. ‘गाडी तपासून, चांगल्या स्थितीत मिळाली’ अशी ओळ त्यात असते. वाचता येत नसेल तर वाचणारा माणूस सोबत न्या, आणि काही दोष दिसला असेल तर सहीच्या वर मराठीत का होईना लिहा आणि फोटो काढा. साल लपवून विकल्याचं नंतर कळलं तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. तिथं हेच कागद लागतात.

रोटाव्हेटर, पल्टी नांगर, पेरणी यंत्र असल्या अवजारांचा जुना स्टॉक मात्र मी बिनधास्त घ्या म्हणेन. गिअर बॉक्समधलं ऑइल आणि बेअरिंगचं ग्रीस बदललं, पात्यांचा गंज घासला की काम भागतं, आणि त्यांना आरसी नसल्यानं सालाचा प्रश्न फारसा येत नाही. फक्त सबसिडीवर घ्यायचं असेल तर रयत संपर्क केंद्रात आधी चौकशी करा. तो मॉडेल यादीत आहे का बघा, अर्ज मंजूर होऊ दे आणि मगच यार्डात जा. आधी घेऊन मग अर्ज केलेल्यांना परत यावं लागतं.