क्षमा नेमकी कोण करतं? फाशीवरच्या एका विषयाची चिरफाड

पेटची तयारी करणाऱ्या एका ज्युनिअरने परवा विषय दाखवला: ‘क्षमा आणि फाशी: धर्मांचा दृष्टिकोन’. म्हटलं, विषय भारी आहे, पण प्रश्न कुठाय? लॅबमध्ये काय मोजायचं ते आपण आधी ठरवतो ना! इथे आधी ठरवायचं, क्षमा करणारा कोण.

नागपुरात हा प्रश्न लांबचा नाही. ३० जुलै २०१५ ला याकूब मेमनला इथल्याच मध्यवर्ती कारागृहात फाशी झाली. मुंबईतल्या १९९३ च्या स्फोटांत २५७ माणसं गेली होती. दयेचा अर्ज जातो राष्ट्रपतींकडे, घटनेच्या कलम ७२ खाली. निर्णय मृतांच्या घरच्यांच्या हातात नसतो. कुराणातल्या किसासमध्ये मात्र खुन्याला माफ करायचा हक्क मृताच्या वारसांनाच आहे. म्हणजे क्षमा करणारा माणूसच बदलला.

गांधीहत्येत तर वारसांनी शब्द टाकलाही होता. मणिलाल आणि रामदास या मुलांनी मारेकऱ्यांना फाशी देऊ नका असं सांगितलं. सरकारने मानलं नाही. १५ नोव्हेंबर १९४९ ला अंबाल्यात गोडसे-आपटेंना फाशी झाली.

त्याच वर्षी ३ जूनला डॉ. आंबेडकर संविधान सभेत म्हणाले होते की फाशीच रद्द करणं बरं. आधार अहिंसेचा: लोक ती पाळतीलच असं नाही, पण नैतिक आदेश म्हणून मानतात. यात कुणा एकाला माफ करायचा मुद्दाच येत नाही. दया आणि फाशी रद्द करणं एकाच कॉलममध्ये टाकलं की प्रबंध तिथेच फसतो.

आता अंगुलिमाल. दीक्षाभूमीच्या या शहरात ही कथा सगळ्यांना ठाऊक, आणि सांगतात ती क्षमेची म्हणून. पण मज्झिम निकायातलं मूळ सुत्त वाचा. राजा प्रसेनजित पाचशे घोडेस्वार घेऊन त्याला पकडायला निघालेला. भिक्खू झालेला बघून सोडून देतो, उलट चीवर वगैरे द्यायची तयारी दाखवतो. ही झाली राजाची दया. पुढे भिक्षेला गेल्यावर ढेकळं, काठ्या लागून त्याचं डोकं फुटतं, आणि बुद्ध म्हणतात, सहन कर, हे तुझ्या कर्माचं फळ. मारल्या गेलेल्यांच्या घरच्यांना मात्र तिथेही कुणी विचारत नाही. मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा जरा अस्वस्थच वाटलं होतं.

ज्युनिअरने शीर्षक खोडलं. आता लिहिलंय: ‘अंगुलिमाल सुत्तात दया कोण करतं?’ पाली शिकावी लागेल म्हटल्यावर थोडी घाबरलीये.